खडूचा घोडा आणि कातळावरचा हत्ती

जमिनीचा वरचा थर खरवडून किंवा उघड्या खडकात चर कोरून प्रत्यक्ष जमिनीवरच रेखाटलेल्या मोठ्या आकृतीला भूचित्र म्हणतात. भिंतीवरचे चित्र रंगाने उमटते आणि लेण्यातले शिल्प उठावाने दिसते. भूचित्र मात्र दोन पृष्ठभागांतील फरकावर उभे असते, म्हणजे वरचा थर एका रंगाचा किंवा पोताचा आणि खालचा दुसऱ्या, असे असल्याशिवाय ते दिसतच नाही, आणि हा फरक मिटला की चित्रही मिटते. दक्षिण इंग्लंडमधील खडूच्या टेकड्यांवर कोरलेले पांढरे घोडे आणि मानवाकृती हे या प्रकाराचे एक टोक मानले, तर कोकणातील जांभा खडकाच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या सपाट पठारांवरची, कातळशिल्पे हे त्याचे दुसरे टोक ठरते. पहिल्या टोकाची चित्रे दर काही वर्षांनी माणसाचा हात लागला नाही तर पुसली जातात, आणि दुसऱ्या टोकाची चित्रे कोणाचाही हात न लागल्यामुळे टिकून राहिलेली आहेत. या दोहोंच्या तुलनेत सह्याद्रीच्या पायथ्याचे वरंध, महाड आणि पोलादपूर हे खोरे उपयोगी पडते, कारण तेथे यांपैकी कोणत्याही रीतीने भूचित्र टिकणे जवळजवळ अशक्य आहे आणि त्या अशक्यतेची कारणे दोन्ही टोकांवर प्रकाश टाकतात.

ज्या दगडाला येथे खडू म्हटले आहे तो शाळेच्या फळ्यावर वापरल्या जाणाऱ्या कांडीहून वेगळा होय, कारण आजच्या कांड्या बहुतेक ठिकाणी जिप्समपासून बनतात. मूळ खडू हा पांढऱ्या, मऊ आणि सच्छिद्र चुनखडीचा प्रकार असून तो उबदार समुद्रातील अतिसूक्ष्म शेवाळांच्या चुनामय कवचांचा गाळ कोट्यवधी वर्षे साचून तयार झाला आहे. हा गाळ साचण्याच्या काळाला भूशास्त्रात क्रिटेशियस असे नाव असून ते खडूसाठीच्या 'क्रेटा' या लॅटिन शब्दावरून पडले आहे. हा कालखंड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला आणि त्याच संधिकालाच्या मागेपुढे दख्खनच्या भूमीला भेगा पडून बाहेर आलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर साचले, ज्यांतून पुढे सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट खडक घडला. म्हणजे इंग्लंडमधील पांढरी टेकडी जेथे संपते तेथेच, भूशास्त्रीय कालगणनेच्या दृष्टीने, वरंध घाटाच्या काळ्या कड्याची सुरुवात होते.

खडूच्या टेकड्यांवर मातीचा थर अत्यंत पातळ असतो व त्यावर आखूड गवत वाढते, त्यामुळे हिरवळ आणि माती खरवडली की लगेच पांढरा दगड उघडा पडतो. ऑक्सफर्डशायर परगण्यातील अफिंग्टन येथील पांढरा घोडा याच गुणावर आधारलेला आहे. सुमारे ११० मीटर लांबीची ही आकृती हुबेहूब घोड्याची नाही. लांबट कणा, सुटे पाय आणि चोचीसारखे तोंड अशा काही वाहत्या रेषांनी ती साधली आहे. केवळ गवत काढून ती घडवलेली नाही, कारण तसे केले असते तर पहिल्याच काही वर्षांत पाऊस, दंव आणि मुळे यांनी तिचे काठ विस्कटून टाकले असते. तिचे निर्माते अधिक दूरदर्शी होते: त्यांनी रेषांच्या जागी काही ठिकाणी जवळजवळ मीटरभर खोल चर खणले आणि त्यांत खडूचा चुरा भरून तो ठोकून घट्ट केला, जेणेकरून वरचा थर झिजला तरी खाली पांढराच थर निघावा.

तरीही या चित्राचे आयुष्य सर्वस्वी त्याच्या निगेवर अवलंबून राहिले. गवत कडेने आत सरकत जाते, पावसाच्या पाण्याबरोबर उतारावरची माती खाली येऊन रेषांवर पसरते आणि उघडा खडू हवेत शेवाळून राखाडी पडतो. त्यामुळे दर काही वर्षांनी कडा कापणे, तण उपटणे आणि नवा खडू भरून ठोकणे हे काम करावेच लागते. सतराव्या शतकानंतरच्या उल्लेखांत हा घोडा घासण्याच्या निमित्ताने परिसरातील लोक एकत्र येऊन जत्रा भरवत असल्याचे दिसते आणि १८५७ सालच्या अशा मोठ्या मेळ्यावर टॉमस ह्यूज यांनी १८५९ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून घोड्यावर गवत व काटक्या पसरून तो झाकण्यात आला आणि युद्धानंतर पुन्हा उघडण्यात आला. आज नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या देखरेखीखाली स्वयंसेवक दर उन्हाळ्यात गुडघे टेकून बसतात व हातोड्याने नवा खडू जुन्यावर कुटतात. अलीकडच्या काळात कडेचे गवत आत सरकून रेषा अरुंद झाल्याचे लक्षात आल्यावर काठांची दुरुस्तीही करावी लागली.

या निगेचा एक अनपेक्षित लाभ असा की तिनेच या घोड्याचे वय सांगितले. दीर्घकाळ तो कोणी सॅक्सन राजाच्या विजयाची खूण म्हणून, कोणी आणखी प्राचीन मानत होते, परंतु दगडाला अक्षरे नसल्यामुळे वाद मिटत नव्हता. १९९० मध्ये सुरू झालेल्या उत्खननात चरांतील खडूच्या थरांबरोबर साचलेल्या गाळाचे नमुने घेऊन त्यांवर प्रकाश-उद्दीपित दीप्ती या पद्धतीने काम करण्यात आले. वाळूतील स्फटिकांना सूर्यप्रकाश लागला की त्यांत साठलेली ऊर्जा निघून जाते, आणि ते मातीत पुरले गेले की आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे ती पुन्हा हळूहळू साठू लागते. त्यामुळे प्रयोगशाळेत किती ऊर्जा साठली हे मोजले की कण शेवटचा केव्हा उन्हात होता हे कळते. या मोजणीनुसार घोडा इसवी सनपूर्व १३८० ते ५५० या दरम्यानचा ठरला, म्हणजे तो सुमारे २५०० ते ३४०० वर्षांचा आहे. एकावर एक दाबलेले खडूचे थर आणि त्यांच्यामध्ये साचलेला गाळ नसता तर मोजण्यासाठी काहीच हाती आले नसते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निगेने जणू घोड्याच्या अंगातच त्याची बखर लिहून ठेवली होती.

निगा सोडली तर काय होते हेही इंग्लंडमध्येच दिसते. डॉर्सेट परगण्यातील सर्न ॲबस येथील सुमारे ५५ मीटर उंचीच्या मानवाकृतीचा पहिला लेखी उल्लेख १६९४ सालच्या चर्चच्या हिशेबात येतो, आणि तोही तिच्या दुरुस्तीवर ३ शिलिंग खर्च झाल्याचा. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दीप्ती-मोजणीने ही आकृती इसवी सन ७०० ते ११०० या दरम्यान कोरली गेल्याचे सुचवले, तेव्हा मध्यंतरी काही काळ ती गवताखाली झाकली गेली असावी असा तर्क अभ्यासकांनी मांडला. वॉरिकशायरमधील टायसो येथे तांबड्या मातीत कोरलेला घोडा मात्र कायमचा नाहीसा झाला. दुसरीकडे विल्टशायरमधील वेस्टबरीच्या घोड्याला वारंवार खडू भरण्याचा खर्च टळावा म्हणून विसाव्या शतकात काँक्रीटचे आवरण देऊन त्यावर रंग लावण्यात आला. तेथे चित्र राहिले, पण ज्या पद्धतीमुळे ते चित्र ठरले होते ती पद्धत संपली.

वरंधच्या परिसरात यांपैकी काहीही का घडले नसते हे तेथील खडक, पाऊस आणि शेती या तिन्ही गोष्टींवरून कळते. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट बेसॉल्टच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांतून खाली येतो. या खडकाच्या कुजण्यातून तयार झालेली माती काळसर-तपकिरी आणि खडकही काळा असल्यामुळे माती खरवडल्यावर डोळ्यांत भरणारा रंगफरक मिळत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस, जो दक्षिण इंग्लंडच्या कित्येक पट आहे, मोकळ्या केलेल्या रेषेवर एकाच पावसाळ्यात गवत, तेरडा आणि झुडपे उगवून टाकतो. उतार स्वतःही स्थिर नसतो, हे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर कोसळलेल्या दरडीने अत्यंत दुःखद रीतीने दाखवून दिले. शिवाय डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरीसाठी माती आलटून पालटून उकरली जाते आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजला जातो. अशा जमिनीवर काढलेली रेषा शेतकऱ्याच्या कुदळीतूनही सुटली नसती. येथील माणसाने खडकात जे कोरले ते म्हणूनच उभ्या कड्याच्या पोटात कोरले, जसे महाडजवळच्या गांधारपाले येथील सुमारे ३० बौद्ध लेण्यांत दिसते: बेसॉल्टसारखा कठीण खडक लोखंडी छिन्नीने आत खोदला की तो छप्पर, भिंत आणि शिल्प असे सर्व काही देतो, पण उघड्या उतारावर चित्र देत नाही.

मात्र याच खोऱ्याच्या माथ्यावर आणि पश्चिमेला किनाऱ्याकडे वेगळा खडक सुरू होतो. पोलादपूरच्या पूर्वेला आकाशरेषेवर दिसणाऱ्या महाबळेश्वरच्या पठारावर, जेथे सावित्री नदी उगम पावते, बेसॉल्टच्या माथ्यावर जांभ्याचे जाड टोपण आहे, तर कशेडी घाट ओलांडून दक्षिणेकडे रत्नागिरी जिल्ह्यात गेल्यावर हाच जांभा समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर मैलोन्‌मैल पसरलेल्या सपाट सड्यांच्या रूपाने भेटतो. जांभा हा बेसॉल्टचाच वंशज होय. उष्ण हवामानात पावसाळा आणि कोरडा उन्हाळा आलटून पालटून येत राहिले की बेसॉल्टमधील सिलिका व इतर विद्राव्य घटक पाण्याबरोबर वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात. त्यांच्यामुळे या खडकाला तांबूस रंग आणि जाळीदार पोत येतो. जमिनीखाली तो इतका मऊ असतो की हत्याराने कापता येतो, परंतु हवेत उघडा पडला की वाळून उत्तरोत्तर कठीण होतो. याच गुणामुळे केरळमध्ये त्याच्या विटा पाडल्या जात असल्याचे पाहून फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. कोकणात अशा विटांना चिरे म्हणतात आणि जुनी घरे, गडगे, विहिरी व देवळांचे चौथरे या चिऱ्यांतच बांधलेले आहेत.

सड्याचा पृष्ठभाग आधीच उघडा पडून टणक झालेला असतो, त्यामुळे त्यात चर कोरणे कष्टाचे असते, पण एकदा कोरलेला चर माती सरकून किंवा काठ ढासळून बुजत नाही. सड्यावर मातीचा थर नगण्य असल्याने मोठी झाडे उगवत नाहीत, नांगर चालत नाही आणि पावसाळ्यात उगवणारी इवली फुलझाडे व गवत हे दसऱ्यानंतर वाळून जातात. कोरलेल्या रेषेचा आणि भोवतीच्या कातळाचा रंग काळाच्या ओघात एकच झाला असला तरी सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडले की चरांत सावली साचते आणि चित्र उठून दिसते. भर दुपारी त्याच ठिकाणावरून माणूस ते न पाहता चालत जाऊ शकतो. पांढऱ्या खडूवर रंगाचा फरक हे काम करतो, येथे ते खोलीचा फरक करतो.

अशी कातळशिल्पे रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आणि गोव्यात आढळली असून आतापर्यंत नोंदलेल्या आकृत्यांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली आहे. राजापूर तालुक्यातील कशेळी येथे सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती असून त्याच्या अंगातच लहान-मोठ्या अनेक प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभा राहिलेला माणूस आहे, देवी हसोळ येथे आर्यादुर्गेच्या देवळाजवळ गुंतागुंतीची चौकोनी रचना आहे, तर सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीच्या काठावरील फणसायमळ येथे मानवाकृती, प्राणी आणि चक्राकार नक्ष्या आहेत. हत्ती, वाघ, सांबर, मासे, कासव, मोर अशा परिचित प्राण्यांबरोबर काही ठिकाणी आज कोकणात मुळीच नसलेल्या गेंड्याच्या आकृत्याही ओळखल्या गेल्या आहेत. शेती, नांगर किंवा धान्य यांच्या खुणा जवळजवळ नसल्यामुळे ही चित्रे शिकार आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या समाजाची असावीत, असे पुरातत्त्वज्ञांचे मत आहे.

या चित्रांचा 'शोध' लागला असे म्हणताना थोडे जपून बोलावे लागते, कारण गुरे घेऊन सड्यावर जाणाऱ्या गुराख्यांना ती पूर्वीपासून ठाऊक होती आणि अनेक गावांत ती पांडवांची म्हणून ओळखली जात होती. त्यांची अभ्यासू नोंद मात्र गेल्या काही दशकांतली आहे: गोव्यातील चित्रे १९९० च्या दशकात प्रकाशात आली, सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी या शतकाच्या आरंभी काम केले, आणि रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून गावोगाव फिरून, वृद्धांना व गुराख्यांना विचारून पद्धतशीर शोध घेतला. राज्याच्या पुरातत्त्व विभागानेही नंतर त्यांची दखल घेतली आणि २०२२ मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी व फणसायमळ या नऊ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. संभाव्य यादी ही जागतिक वारसा दर्जाच्या आधीची पायरी असून एखादे स्थळ तिच्यात किमान एक वर्ष असल्याशिवाय त्याचे अंतिम नामांकन करता येत नाही, त्यामुळे या यादीतील नाव हे संरक्षण मिळाल्याचे प्रमाणपत्र समजणे चुकीचे ठरेल.

कालनिर्णयाच्या बाबतीत अफिंग्टनच्या घोड्याच्या नेमके उलट चित्र येथे दिसते. कातळातील चर सतत उघडे असल्याने त्यांत जुना गाळ सीलबंद राहत नाही, दरवर्षीचा पाऊस तो धुऊन नेतो, आणि रेषांत कोणी काही भरलेच नसल्यामुळे मोजता येण्याजोगे थरही तयार होत नाहीत. कोळसा किंवा हाडे यांसारखी सेंद्रिय वस्तूही उघड्या सड्यावर टिकत नाही. म्हणून त्यांचे वय शैली, चित्रित प्राणी आणि परिसरात मिळालेली दगडी हत्यारे अशा अप्रत्यक्ष पुराव्यांवरून ठरवावे लागते आणि ते मध्याश्मयुगापासून, म्हणजे बारीक गारगोटीची हत्यारे वापरणाऱ्या शिकारी समाजांच्या काळापासून, आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत विस्तृत पट्ट्यात मांडले जाते. कोणाचाही हात लागला नाही म्हणून चित्र वाचले, आणि त्याच कारणाने त्याचे वय कळेनासे झाले.

आता मात्र हात न लावण्याचा काळ संपला आहे. सातबाऱ्यावर सड्याची नोंद बहुधा पोटखराबा म्हणून, अर्थात लागवडीस अयोग्य जमीन म्हणून, होत आली आणि तीच नोंद दीर्घकाळ या चित्रांची ढाल ठरली. निरुपयोगी जागेत कोणी काही करीत नसे. यंत्रे आल्यावर या जमिनीला किंमत आली. सुरुंग लावून खड्डे पाडून त्यांत माती भरली की आंब्या-काजूची कलमे लावता येतात, यांत्रिक कटरने चिऱ्याची खाण काढता येते, आणि मोठ्या प्रकल्पाला लागणारी सलग सपाट जागाही सड्यावरच मिळते. बारसूच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला तेव्हा कातळशिल्पांचा प्रश्न त्या वादाचा एक भाग बनला. ज्या टणकपणामुळे चित्र टिकले त्याच टणकपणासाठी दगड विकला जातो, आणि चिऱ्याच्या खाणीत चित्राचा अंश उरत नाही, कारण कापल्या जाणाऱ्या पहिल्याच थरावर ते असते. याशिवाय पायवाटा, वाहनांची चाके, गवताला लावलेली आग आणि चित्रावर चढून काढलेली छायाचित्रे ही रोजची झीज आहे. पेरूतील नाझका येथे वाळवंटातील रेषांजवळ २०१४ मध्ये काही आंदोलकांच्या पायांचे ठसे उमटले तेव्हा एवढ्याशा गोष्टीने किती दीर्घकाळ नुकसान होऊ शकते हे जगाने पाहिले. कातळ वाळूहून कठीण असला तरी झिजलेल्या रेषेची धार एकदा गेली की परत येत नाही.

म्हणून कातळशिल्पांची निगा खडूच्या घोड्याच्या निगेहून वेगळ्या जातीची असावी लागते. तेथे नवा खडू भरणे हेच संरक्षण आहे. येथे छायाचित्रात रेषा उठून दिसावी म्हणून चरांत खडू, चुना किंवा रांगोळी भरणे हे नुकसान ठरते, कारण त्यामुळे जाळीदार खडकाच्या छिद्रांत परकी भुकटी जाऊन बसते आणि भविष्यातील सूक्ष्म तपासणीसाठी आवश्यक असलेले मूळ अवशेष दूषित होतात. चरांत साचलेली सैल माती मऊ झाडूने काढणे, चित्राभोवती पाणी तुंबणार नाही असा उतार राखणे, जवळून पाहण्यासाठी बाहेरच्या बाजूने ठराविक वाट आखणे, चिऱ्यांचाच गडगा घालून गुरे व वाहने थोपवणे आणि ड्रोनच्या साहाय्याने प्रत्येक रेषेचे अचूक नकाशे करून ठेवणे, एवढ्यात या निगेचा मोठा भाग सामावतो. उक्षी येथे गावकऱ्यांच्या सहभागाने हत्तीच्या शिल्पाभोवती कठडा उभारून ते जपले गेले आहे आणि त्यातून जमीनमालकाचा व गावाचा सहभाग नसेल तर कायद्याची पाटीही एकटी पडते हे सहज उमजते.

अफिंग्टनच्या लोकांनी जे जवळजवळ तीन हजार वर्षे केले त्यात कोणत्याही एका पिढीला मोठा पराक्रम करावा लागला नाही. प्रत्येक पिढीने आपल्या वाट्याचे गवत तेवढे काढले. कोकणातल्या पिढ्यांच्या वाट्याला त्याहून सोपे काम आले होते, कारण त्यांना फक्त सड्यावरून चालत जायचे होते. आता जे काम उरले आहे त्यात कष्ट खडूच्या घोड्याइतके नाहीत, पण निर्णय अधिक कठीण आहे, कारण घोडा राखण्यासाठी तेथे काहीतरी करीत राहावे लागते आणि कातळावरचा हत्ती राखण्यासाठी, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लिहिलेल्या आणि आता भाव आलेल्या जमिनीच्या एका तुकड्यावर, काही न करण्याचे ठरवावे लागते.